खेळांतल्या बोटीचें धातुकाम

(नभोवाणीवरून केलेलें भाषण)

गारखेड्यास राहणाऱ्या माणसानें बोटीविषयीं बोलावें, हें ऐकून आपणांपैकीं कित्येकांस हंसूं आलें असेल. आमचें छत्रपति संभाजीनगर, म्हणजे पूर्वींचें औरंगाबाद, समुद्रापासून अडीचशें किलोमीटरांहून अधिक दूर आहे. आणि गारखेड्यांत नळाला पाणी ज्या दिवशीं येतें, तो दिवस घरांत सणासारखा मानला जातो. अशा ठिकाणीं साठविलेल्या पाण्याच्या हौदांत कोणी म्हातारा बोट सोडूं लागला, तर घरच्या मंडळींनीं त्यास काय म्हणावें? आमच्या घरीं जें म्हटलें गेलें तें मी येथें सांगत नाहीं.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, प्राथमिक शाळेंत आयुष्य घालविलेला मास्तर आहें. माझे हात खडूचे. कानस आणि हातोडी यांशीं माझी ओळख सेवानिवृत्तीनंतर झाली. माझा तेरा वर्षांचा नातू रेडिओवर चालणारी बोट मागूं लागला. दुकानांतली घेऊन देण्याऐवजीं आपणच बांधूं, असें मीं त्यास सांगितलें. मोठीं जहाजें बंदरांत ओढून आणणारी जी आंखूड, रुंद आणि जोरकस बोट असते, जिला टग म्हणतात, तिची प्रतिकृति करावयाचें ठरलें. खरी टग तीस मीटर लांबीची मानिली आणि प्रमाण एकास चाळीस धरिलें. म्हणजे आमची बोट पाऊण मीटर लांब झाली. सांगाडा प्लायवूडचा, वर फायबरकांच. हें काम दोन महिन्यांत उरकलें. आतां थोडें किरकोळ धातुकाम राहिलें, असें आम्ही समजलों. त्या किरकोळ कामास आठ महिने लागले, आणि आज मला सांगावयाचें आहे तें त्या आठ महिन्यांविषयींच.

प्रथम रेडिओविषयीं दोन शब्द बोलतों. बिनतारी लहरींनीं दुरून चालविलेलें पहिलें प्रसिद्ध वाहन बोटच होतें, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. निकोला टेस्ला यांनीं 1898 सालीं न्यूयॉर्क येथें मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्यें पाण्याच्या टाकींत एक लहान बोट चालवून दाखविली, आणि त्याच सालच्या 8 नोव्हेंबरला त्यांना तिचें पेटंट मिळालें. त्या बोटींत बॅटरी होती, पंखा होता, सुकाणूं होतें. प्रेक्षकांना आश्चर्य वाटलें तें अदृश्य लहरींचें. आजही आपणांस त्याच लहरींचें आश्चर्य वाटतें. परंतु लहर पाणी कापीत नाहीं. ती बोटींतील यंत्रास निरोप देते. तें यंत्र एक लहानसा दांडा हलवितें. दांडा सुकाणूं वळवितो. निरोप कितीही सूक्ष्म असला, तरी त्याचें शेवटचें पाऊल धातूचें असतें. तें पाऊल अडखळलें, तर आधींची सारी विद्या फुकट जाते.

हे धातूचे भाग म्हणजे काय, तर पंख्याचा आंस व त्याची नळी, सुकाणूं, त्याचा दांडा, त्यावर बसविलेला हातभर नव्हे तर बोटभर लांबीचा आडवा हात, दोर बांधावयाचे खुंट, खिडक्यांच्या कड्या, नांगर आणि कठड्याचे उभे खांब. यांतील कांहीं बाजारांत मिळतात. आम्हीं मागविलेही. कठड्याचे खांब आले ते तीन मिलिमीटर जाड होते. एकास चाळीस या प्रमाणांत त्यांची जाडी बारा सेंटिमीटर होते! खऱ्या बोटीवर एवढे जाड खांब लाविले, तर तो कठडा न दिसतां देवळाचा सभामंडप दिसावयाचा. सुकाणूं आलें तें आमच्या पंख्याच्या मानानें लहान होतें. विकत मिळणारा भाग दुसऱ्या कोणाच्या बोटीचें माप घेऊन जन्मास आलेला असतो. आपली बोट आपण बांधिली असेल, तर तिचे सांधेही आपणांसच घडविले पाहिजेत, हें तेव्हां कळलें.

आरंभ पंख्याच्या आंसापासून केला. आमच्या शहरांतली पाणचक्की आपण पाहिली असेल. अठराव्या शतकांत बांधलेल्या त्या चक्कींत, डोंगरांतून मातीच्या नळांनीं आणलेलें पाणी पात्यांवर पडतें आणि दगड फिरवितें. तेथें पाणी पात्यांना फिरवितें. बोटींत पातीं पाण्याला फिरवितात. परंतु बोटीची एक अडचण चक्कीला नाहीं. फिरणारा आंस बोटीच्या पोटांतून बाहेर पाण्यांत गेला पाहिजे, आणि त्याच वाटेनें पाणी मात्र आंत येतां कामा नये. यावर उपाय असा कीं, चार मिलिमीटर जाडीची न गंजणाऱ्या पोलादाची सळई पितळेच्या नळींतून न्यावयाची, नळीच्या दोन्ही टोंकांस कांशाचे बुश बसवावयाचे, मधली पोकळी ग्रीसनें भरावयाची आणि नळीचें आंतलें तोंड पाण्याच्या पातळीच्या वर ठेवावयाचें.

बुश करून घेण्यास मी चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतींत, लेथवर काम करणाऱ्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे गेलों. त्यानें विचारलें, "गुरुजी, भोंक किती ठेवूं?" मी म्हणालों, "सळई चारची आहे. तूं अंदाजानें जरा मोठें ठेव." तो हंसला व म्हणाला, "गुरुजी, अंदाजानं भाजीत मीठ टाकतात. बुशाला माप लागतं." त्यानें व्हर्निअरनें सळई तीन ठिकाणीं मोजली. ती भरली तीन पूर्णांक सत्त्याण्णव शतांश. मग त्यानें चार पूर्णांक एक शतांशाचें भोंक पाडलें. म्हणजे सळई आणि बुश यांमध्यें चार शतांश मिलिमीटरांची मोकळीक राहिली. याहून कमी असती तर आंस अडकला असता. फार अधिक असती तर थरथरला असता आणि पाणी आंत आलें असतें. तीस वर्षें मीं मुलांना दशांश अपूर्णांक शिकविले. परंतु दशांशचिन्हापुढील दुसऱ्या स्थानाची खरी गरज मला त्या दिवशीं प्रथम भासली. तो म्हणाला, "हे तुम्हीच शिकवलेलं आहे, गुरुजी." मीं मान खालीं घातली.

दुसरा धडा झाळकामाचा. सुकाणूं म्हणजे एक मिलिमीटर जाडीचा पितळी पत्रा, त्यास झाळलेली चार मिलिमीटरांची पितळी सळई, आणि तळाशीं आधाराचें एक कडें. मीं पत्रा सळईस झाळला, छान बसला. मग कडें झाळावयास गेलों, तों पहिला सांधा सुटून पत्रा पायांवर पडला. पुन्हां पहिला जोडला, तों कडें निखळलें. असें चार वेळां झालें. शेवटीं सराफ्यांतील एका वृद्ध सोनारकाकांपुढें तें सारें सामान ठेविलें. ते म्हणाले, "मास्तर, दोन्ही सांधे एकाच झाळणानं केलेत, म्हणून दोघं एकदमच वितळतात. आधी कडक झाळ, मग मऊ."

ही रीति साधी आहे. रुप्याचें झाळण वितळण्यास सहाशें अंशांहून अधिक उष्णता लागते. कथील व शिसें यांचें झाळण एकशें नव्वद अंशांच्या आसपासच वितळतें. ज्या सांध्यावर जोर येणार, तो आधीं टांकणखार लावून रुप्यानें जोडावा. नंतरचे हलके सांधे कथलानें जोडावे, म्हणजे दुसऱ्या कामाची आंच पहिल्यास लागत नाहीं. शाळेच्या वेळापत्रकांत अवघड विषय सकाळीं आणि सोपा दुपारीं ठेवितात, तसेंच हें. काम संपल्यावर सांधा ऊन पाण्यानें धुवावा. नाहींतर राहिलेला क्षार पितळास हिरवें करितो. शिशाचें काम करितांना खिडकी उघडी ठेवावी, नंतर हात धुवावे, आणि लहान मुलांच्या हातीं तें झाळण देऊं नये.

तिसरा धडा कठड्याचा. एक मिलिमीटर जाडीच्या पितळी तारेचे पंचवीस मिलिमीटर उंचीचे खांब करावयाचे, प्रत्येक खांब दोन ठिकाणीं ठोकून चपटा करावयाचा, आणि त्या चपट्या भागांत दोर जाण्यापुरतें बारीक भोंक पाडावयाचें. पहिले बारा खांब मीं डोळ्याच्या मापानें केले. ते रांगेंत उभे केले, तेव्हां पहिल्या इयत्तेच्या मुलांची पहिल्या दिवशींची कवाईत आठवली. एकाची मान दुसऱ्याच्या खांद्याशीं. मग पोलादाच्या पट्टींत एक खांच आणि दोन भोंकें पाडून साचा केला. प्रत्येक खांब त्या खांचेंत बसवावा आणि साच्याच्या भोंकांतूनच ड्रिल उतरवावें, म्हणजे सारे सारखे होतात. साचा करण्यास एक दिवस गेला. पुढले चाळीस खांब दोन दिवसांत झाले.

ठोकतांना पुष्कळ तारा तुटत. पुण्याच्या कसबा पेठेंतील तांबट आळींतले कारागीर तांब्याचें भांडें शेवटीं हातोडीनें मठारतात, तें केवळ शोभेसाठीं नव्हे. ठोक्यांनीं धातु कठीण होतो आणि भांडें कणखर बनतें. परंतु ठोकणें अति झालें तर तोच धातु ठिसूळ होऊन तडकतो. अशा वेळीं तो मंद लाल होईपर्यंत तापवावा आणि निवूं द्यावा. पुन्हां मऊ होतो. ही गोष्ट कळल्यावर तारा तुटणें थांबलें.

आतां दोन निराळ्या धातूंच्या शेजाराविषयीं सांगतों. आंसाच्या नळीस बाहेरून आधार म्हणून मीं अ‍ॅल्युमिनिअमची पट्टी पितळी स्क्रूंनीं बसविली होती. चांचणीसाठीं बोट हौदांत राहूं लागली आणि कांहीं आठवड्यांत स्क्रूंच्या भोंवतीं पांढरी भुकटी दिसूं लागली. पट्टी पोखरली गेली होती. दोन भिन्न धातु एकमेकांस लागून पाण्यांत राहिले, कीं एक दुसऱ्यास खातो. मोठ्या आरमारांनाही हा धडा महाग पडला आहे. इंग्रजांनीं 1761 सालीं अलार्म नांवाच्या आपल्या युद्धनौकेच्या तळास तांब्याचे पत्रे ठोकले. पुढें तपासणी झाली, तेव्हां तांब्याशीं लागलेले लोखंडी खिळे झडून गेलेले आढळले. मात्र जेथें पत्र्यांच्या वेष्टणाचा तपकिरी कागद चुकून खिळ्याखालीं राहिला होता, तेथले खिळे शाबूत होते! कागदाच्या एका कपट्यानें लोखंड वांचविलें. पुढें 1824 सालीं हम्फ्री डेव्ही यांनीं दाखविलें कीं, तांब्याशीं लोखंडाचा अथवा जस्ताचा तुकडा जोडिला, तर तो स्वतः झिजतो आणि तांब्यास राखतो. आजही जहाजांच्या तळास असे जस्ताचे तुकडे लावितात. बिदरीच्या ज्या काळ्या भांड्यांवर आपण रुप्याची नक्षी पाहतों, त्यांचा मूळ धातु बहुतांशीं जस्तच असतो. तोच धातु समुद्रावर दुसऱ्यासाठीं झिजतो, हें मला नवें होतें.

मुंबईच्या गोदींत वाडिया घराण्यानें बांधलेलें त्रिंकोमाली हें जहाज 12 ऑक्टोबर 1817 रोजीं पाण्यांत सोडण्यांत आलें. अनेक दुरुस्त्या होऊन तें आज इंग्लंडांत हार्टलपूल येथें पाण्यावर उभें आहे. त्याच्या सागवानाची कीर्ति सर्वत्र आहे, ती योग्यच आहे. परंतु फळ्या एकमेकींस धरून राहतात त्या न दिसणाऱ्या धातूच्या बळावर, हें विसरूं नये. मीही तें विसरलों. आणि तीच गोष्ट आतां सांगावयाची आहे.

बोट तयार झाली. पैठण रस्त्यावर आमच्या एका नातलगांची मोसंबीची बाग आहे. तेथें तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद आणि तीन मीटर खोल असें शेततळें आहे. आंतून काळें प्लास्टिक अंथरलेलें. रविवारीं सकाळीं आम्हीं बोट त्यांत सोडिली. पितळेचा कठडा उन्हांत झळकत होता. पाहणाऱ्यांनीं कठड्याची स्तुति केली आणि मी सुखावलों. बोट मध्यावर गेली, उजवीकडे वळली, आणि वळतच राहिली. नातू सुकाणूं डावीकडे देत होता, बोट ऐकेना. मी म्हणालों, "रेडिओ गेला." तो म्हणाला, "आजोबा, मोटर ऐकते आहे. वेग कमी केला तर कमी होतो." त्याचें म्हणणें बरोबर होतें. रेडिओ गेला असता, तर मोटरही ऐकती ना. परंतु मी ऐकण्याच्या मनःस्थितींत नव्हतों. बोटीकडे पाहत होतों, मुलाकडे नव्हतों.

बोट फिरत फिरत कांठाजवळ आली, तशी ती धरण्यास त्यानें उतारावर पाय ठेविला. शेवाळलेलें प्लास्टिक म्हणजे सांडलेलें तेलच. तो घसरला आणि क्षणांत छातीपर्यंत पाण्यांत गेला. वर चढूं पाहावें, तों पाय खालींच जात. बागेंतल्या सालगड्यानें कांठाच्या खुंटास बांधलेला दोर फेंकला. मुलानें तो धरला आणि त्यास वर ओढून घेतलें. सारें एका मिनिटांत झालें. तें मिनिट माझ्या आयुष्यांतलें सर्वांत लांब मिनिट होय. बोट बॅटरी संपेपर्यंत फिरत राहिली व तासाभरानें वाऱ्यानें कांठास लागली. ती आणावयास कोणी धांवलें नाहीं.

घरीं येऊन मीं ती उघडली. सुकाणूंच्या गोल सळईवर आडवा हात बसविला होता, तो एका बारीक स्क्रूनें दाबून धरलेला. गोल सळईवर स्क्रूचें टोंक टेंकून टेंकून किती टेंकणार? थोडा जोर आला कीं तें सरकतें. त्यासाठीं सळईची एक बाजू कानशीनें घांसून चपटी करावयाची असते, म्हणजे स्क्रूला बैठक मिळते. मला हें ठाऊक होतें. वहींत लिहूनही ठेविलें होतें. पांच मिनिटांचें काम. परंतु तें दिसणार नव्हतें, म्हणून राहून गेलें. दिसणाऱ्या कठड्याला मीं आठवडे दिले आणि न दिसणाऱ्या चपटीला पांच मिनिटें दिलीं नाहींत. कठड्याचें पितळ चमकलें, आणि माझें पितळ उघडें पडलें.

श्रोतेहो, मीं आयुष्यभर मुलांच्या वह्या तपासल्या. वळणदार अक्षराला गुण दिले आणि उत्तराची रीति पुष्कळदां पाहिली नाहीं. त्या दिवशीं मला माझीच वही तपासलेली दिसली.

त्यानंतर आम्हीं काय केलें, तें सांगतों. कोणास उपयोगी पडेल. सळईस चपटी बाजू केली. एवढ्यावर न थांबतां आडवा हात आणि सळई या दोहोंतून आरपार एक मिलिमीटरचें भोंक पाडून पितळी खिळा ठोकला. आतां स्क्रू ढिला झाला तरी हात फिरत नाहीं. अ‍ॅल्युमिनिअमची पट्टी काढून पितळेची केली. रेडिओच्या ग्राहकाची तार पाण्याच्या पातळीच्या वर आणि पितळकामापासून दूर नेली. कारण हल्लीं जो 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा वापरतात, त्याच्या लहरी पाण्यांत शिरत नाहींत. प्रत्येक वेळीं बोट सोडण्यापूर्वीं नातू सुकाणूं बोटांत घट्ट धरतो आणि मी दुरून तें वळविण्याचा निरोप देतों. सांधा खरा असेल तर त्याचीं बोटें ढकललीं जातात. खोटा असेल तर सांधा तेथेंच, कोरड्या जमिनीवर सरकतो. ही परीक्षा अर्ध्या मिनिटाची आहे.

आणि सर्वांत मोठा नियम असा कीं, बोट बंद पडली तर पडूं द्यावी. तिच्यामागें कोणी पाण्यांत जाऊं नये. आम्ही बारीक दोरीस टेनिसचा चेंडू बांधून नेतों. तो बोटीपलीकडे टाकावा आणि दोरीनें बोट हळूहळू ओढून घ्यावी. शेततळ्याच्या कांठावर खुंटास बांधलेला जाड दोर आणि एक पोहणारा मोठा माणूस असल्याखेरीज आम्ही बोट सोडीत नाहीं. मराठवाड्यांत आतां शेततळीं पुष्कळ झालीं आहेत. पाण्याच्या त्या आधाराचा शेतकऱ्याला आनंद आहे. परंतु त्याचा निसरडा उतार मुलांना ठाऊक नसतो. बोटीच्या निमित्तानें मीं हें सांगितलें. बोट नसली तरी तें खरेंच आहे.

शिक्षकबंधूंना एक विनंति. राष्ट्रीय छात्रसेना 1948 सालीं स्थापन झाली. तिच्या नौदल विभागांत नौकांच्या प्रतिकृति करणें हा शिक्षणाचा एक भाग आहे. ज्या शाळेंत तो विभाग नाहीं, तेथेंही एक कानस, एक करवत, एक हातोडी आणि पितळेचा वीतभर पत्रा आणतां येईल. मुलांना दिसणारा भाग करूं द्यावा, त्यानें हुरूप येतो. परंतु गुण द्यावे ते न दिसणाऱ्या सांध्याला. तपासतांना वस्तु उलटी करून पाहावी.

आमची बोट आतां बरी चालते. कठड्यावरचा एक खांब त्या दिवशीं वांकला होता; तो मीं मुद्दाम सरळ केला नाहीं. येणारेजाणारे त्याकडे बोट दाखवून विचारतात, "हा एक असा कां?" नातू त्यांना बोट उलटी करून सुकाणूंवरचा तो बारीक पितळी खिळा दाखवितो. कठड्याविषयीं तो कांहीं बोलत नाहीं.